बैलाची बाजू कोण मांडणार?

मंचर, खेड, जुन्नरकडे बैलगाडा शर्यत घाटात होते. चढाची मोकळी पट्टी, दोन्ही कडांना दाटलेली माणसं, पुढे उधळलेली घोडी आणि तिच्यामागे गाड्याला जुंपलेले बैल. भंडारा उडतो, निवेदकाचा आवाज टिपेला जातो आणि काही सेकंदांत बारी संपते. या काही सेकंदांसाठी सर्वोच्च न्यायालयाला दोन मोठे निकाल द्यावे लागले. दुसऱ्या वेळी तर पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ बसलं.

गेल्या भागात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातली हत्तीण हॅपी आपण पाहिली. तिची सुटका मागणारी याचिका तिथल्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने २०२२ मध्ये ५ विरुद्ध २ मतांनी फेटाळली. भारतातल्या बैलांना तिच्यापेक्षा कितीतरी जास्त मिळालं होतं. ते नऊ वर्षं टिकलं.

सुरुवात एका अधिसूचनेने झाली. ज्या प्राण्यांना खेळ करून दाखवण्यासाठी वापरता येणार नाही, अशांची एक सरकारी यादी आहे. अस्वल, माकड, वाघ, सिंह अशा मंडळींच्या या यादीत केंद्राने जुलै २०११ मध्ये बैलही घातला. ज्याच्या पाठीवर देशाची शेती उभी राहिली तो प्राणी सर्कशीतल्या वाघाशेजारी जाऊन बसला, ही गोष्ट गाडामालकांना पचणं शक्यच नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शर्यतींवरची बंदी कायम ठेवली आणि प्रकरण दिल्लीला गेलं. तिथे तमिळनाडूचं जल्लिकट्टू आणि महाराष्ट्राची शर्यत एकाच दाव्यात आली. ‘ॲनिमल वेल्फेअर बोर्ड विरुद्ध ए. नागराज’ हे त्या खटल्याचं नाव.

७ मे २०१४ रोजी न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकीचंद्र घोष यांनी निकाल दिला आणि जल्लिकट्टू व शर्यती दोन्हींवर बंदी घातली. जल्लिकट्टूत बैलांच्या डोळ्यांत तिखट घालणं, शेपट्या पिरगाळणं आणि चावणं, हे सगळं निकालपत्रात नोंदलेलं आहे. बैलाची शरीररचना घोड्यासारखी नाही, तो ओझं ओढणारा आणि चालणारा प्राणी आहे, असंही न्यायालयाने म्हटलं. इथवरचा निकाल कुठल्याही क्रूरताविरोधी खटल्यात शोभला असता. पण न्यायमूर्ती तिथे थांबले नाहीत. भूक-तहान, भीती, वेदना, शारीरिक गैरसोय यांपासून मुक्तता आणि स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक, ही प्राणिकल्याणाची जगन्मान्य पाच सूत्रं त्यांनी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात वाचली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या ‘जीविता’त प्राण्यांचं जीवनही येतं, आणि जगणं म्हणजे नुसतं तग धरणं नव्हे, त्यात प्रतिष्ठाही आहे, असं त्यांनी लिहिलं. शिवाय संसदेने प्राण्यांच्या हक्कांना घटनात्मक दर्जा द्यावा, अशी अपेक्षा व्यक्त केली.

जगभरच्या प्राणिहक्कवाद्यांनी हा निकाल डोक्यावर घेतला. त्याचा पाया मात्र मुळातच कच्चा होता. ज्या १९६० च्या कायद्यावर तो उभा होता, त्यात प्राण्याला निर्दयपणे मारहाण केली तर पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. आज त्या पैशांत दोन कप चहा येतो. हा कायदा प्राण्याला काही देत नाही, माणसाला थोडंसं आवरतो, तेही चाचरत. न्यायालयाने त्याच्यावर हक्कांचा मजला चढवला होता.

जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी तरुणांची अफाट गर्दी जमली आणि तमिळनाडूने या कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली. त्याच वर्षी महाराष्ट्राने आणि कर्नाटकानेही तोच रस्ता धरला. देशी गोवंश टिकवणं आणि परंपरा जपणं, ही कारणं देण्यात आली. शर्यत बंद झाली तर खिलार बैल सांभाळणार कोण, हा गाडामालकांचा सवाल पोकळ नव्हता. ट्रॅक्टर आल्यावर खिलारला शेतात फारसं काम उरलं नव्हतं, आणि शर्यतीच्या बैलाला घरात जो खुराक आणि जी निगा मिळते ती पाहिलेल्या माणसाला ‘क्रूरता’ हा शब्द तिथे चटकन सुचत नाही. घाटातल्या पराणीची टोकदार आर पाहिली की तो सुचतो. महाराष्ट्राने दुरुस्तीत बैलाला इजा करणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. मूळ कायद्याच्या पन्नास रुपयांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. शर्यत वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने बैलाच्या जखमेची किंमत वाढवली! डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला शर्यती पुन्हा घेण्याची मुभा दिली आणि घाट पुन्हा भरले.

१८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. २०१४ मध्ये जल्लिकट्टू ही तमिळ संस्कृती नाही, असं न्यायालयच म्हणालं होतं. आता, हे ठरवणं विधिमंडळाचं काम, असं पीठाने सांगितलं. प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचा एकही दाखला आपल्याला सापडत नाही, हेही निकालात आहे. घटनापीठाची कायद्याची शिस्त समजण्याजोगी आहे. पण प्राणी ‘व्यक्ती’ नाही म्हणून त्याला हक्क नाही, हा युक्तिवाद भारतात तरी फार लांब जात नाही. इथे देवाची मूर्ती मालमत्तेची धनी असते, तिच्या नावाने दावे चालतात. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तर मूर्तीच्या वतीने स्वतंत्र प्रतिनिधी नेमायला सांगितला होता, कारण सेवेकऱ्याचं हित आणि देवाचं हित एकच असेल असं नाही. बैल आणि गाडामालक यांच्याबाबतीत नेमकी हीच अडचण आहे, आणि बैलाला असा प्रतिनिधी कुणी दिलेला नाही.

उच्च न्यायालयांनी प्रयत्न केले. उत्तराखंडने २०१८ मध्ये आणि पंजाब-हरियाणाने २०१९ मध्ये सगळ्या प्राण्यांना कायदेशीर व्यक्ती ठरवलं आणि राज्यातल्या तमाम नागरिकांना त्यांचे पालक म्हणून नेमलं. लाखो पालक म्हणजे एकही पालक नाही. सगळ्यांची जबाबदारी असली की कुणाच्याच दाराशी नोटीस जात नाही.

नांदणीच्या हत्तिणीचं प्रकरण म्हणूनच महत्त्वाचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या जैन मठात ती १९९२ पासून होती, गावाची लाडकी माधुरी. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मठाची परंपरा आणि हत्तिणीचं चांगलं जगणं यांत हत्तिणीच्या बाजूने कौल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. मूलभूत हक्काचा दाखला नाही असं सांगून दोनच वर्षं झाली होती, तरी हक्काची भाषा न्यायालयात पुन्हा परतली. पण तिला जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणी पुनर्वसन केंद्रात नेलं आणि गाव रस्त्यावर आलं. नांदणी ते कोल्हापूर मूक मोर्चा निघाला. मग ऑगस्टमध्ये ‘वनतारा’ने नांदणी भागातच हत्तींसाठी पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे केला. मठ, प्राणिमित्र संघटना, सरकार आणि ‘वनतारा’ असे चौघे माधुरीच्या भल्याची भाषा बोलत होते, आणि चौघांचं भलं वेगवेगळं होतं.

ब्यूनस आयर्समधल्या सांड्रा नावाच्या ओरांगउटानचा खटला पुढच्या आठवड्यात.