डिस्क बिघडलेली नसते, नोंदवही वेगळी असते

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ साली. हक्क आला की दप्तरही वाढते. जंगलाचे नकाशे, ग्रामसभेचे ठराव, बांबूविक्रीचे हिशेब असे सारे दप्तर आज तळहाताएवढ्या यूएसबी डिस्कवर मावते. जिथे नेटवर्कचा भरवसा नाही, तिथे ती डिस्कच पिशवीतून तालुक्याला जाते.

आता समजा, गावातला संगणक लिनक्सवर चालतो आणि तालुक्याच्या दुकानातला विंडोजवर. डिस्क लावली की विंडोज विचारतो, ‘फॉरमॅट करायची का?’ इथे घाईने ‘हो’ म्हणू नका.

प्रत्येक डिस्कवर एक नोंदवही असते. कोणती फाइल कुठे ठेवली, ते तिच्यात लिहिलेले असते. तिला फाइल सिस्टिम म्हणतात. लिनक्सची नेहमीची नोंदवही एक्स्ट-४. ती विंडोजला आपली आपण वाचता येत नाही. गोंडीतले बोलणे कुणाला कळले नाही, म्हणून ते निरर्थक ठरत नाही, तसेच हे. फॉरमॅट करणे म्हणजे ती वही फाडून कोरी वही घालणे. मग आतले दप्तर परत मिळेलच असे नाही.

दोघांना वाचता येईल अशी वही कोणती? फॅट-३२ दोघांनाही कळते; पण तिच्यात चार जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही. सभेचे लांबलचक चित्रीकरण तिथे अडते. एनटीएफएस ही विंडोजची वही. लिनक्स ती वाचतो. मात्र डिस्क आधी नीट काढलेली नसेल, तर कधी कधी तिच्यात लिहू देत नाही. एक्सफॅट सोयीची. मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील २०१९ साली खुला केला आणि त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यात तिला जागा मिळाली. जुन्या लिनक्सवर वेगळे पॅकेज घालावे लागते.

म्हणून नवी डिस्क आणली की आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, मगच दप्तर भरा. जुनी असेल, तर आतले सारे दुसरीकडे उतरवून घेतल्याशिवाय फॉरमॅटला हात लावू नका.

एक्सफॅट थोडी नाजूक आहे. लिहिणे चालू असताना डिस्क उपटली किंवा वीज गेली, तर नोंदी विस्कटतात. ‘इजेक्ट’ म्हणा, थांबा, मग काढा. आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. डिस्क बाजारात पुन्हा मिळते, गावाचे ठराव मिळत नाहीत.