राखलेल्या रस्त्यांचा देश

लंडन पाहून झालं, की बहुतेक मराठी कुटुंबांची ब्रिटनची सहल संपते. फार तर बसने एक दिवस बाथ आणि स्टोनहेंज, रेल्वेने दोन दिवस एडिंबरा. ज्यांची मुलगी किंवा मुलगा तिकडे नोकरीला आहे, त्या घरांतून मात्र हल्ली वेगळी विचारणा होते. आठवडाभर गाडी भाड्याने घेऊन खेडोपाडी, समुद्राकाठाने हिंडता येईल का? येईल, आणि जमत असेल तर तसंच हिंडावं. तिथे गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे युरोपात किंवा अमेरिकेत पहिले दोन दिवस जी धास्ती वाटते ती इथे नाही. देशही लहान. नैऋत्येच्या लँड्स एंडपासून स्कॉटलंडच्या उत्तर टोकाशी असलेल्या जॉन ओ'ग्रोट्सपर्यंत रस्त्याने सुमारे 1,400 किलोमीटर, म्हणजे मुंबई ते दिल्ली एवढंच अंतर. त्यात डोंगर, सरोवरं, माळ, कडे, वाळूचे किनारे सगळं बसलेलं आहे.

मोठा रस्ता सोडून आत वळलं, की एक गोष्ट लवकरच लक्षात येते. गाव जिथे संपतं तिथे ते खरोखर संपतं. शेवटचं घर मागे पडलं की लगेच कुरण, दगडी गडगे, मेंढ्या. रस्त्याच्या कडेने पसरत गेलेले बंगले, हॉटेलं, गोदामं, भूखंड विक्रीच्या पाट्या जवळजवळ नाहीत. हे सगळं निसर्गाने दिलं आणि लोक शिस्तीचे होते म्हणून आपोआप टिकलं, असं पाहुण्याला वाटतं. तसं अजिबात घडलेलं नाही.

1920 च्या दशकात तिथल्या मध्यमवर्गाच्या हाती मोटार आली. एच. व्ही. मॉर्टन या पत्रकाराने छोट्या गाडीतून इंग्लंडभर फिरून लिहिलेलं ‘इन सर्च ऑफ इंग्लंड’ 1927 मध्ये आलं आणि प्रचंड वाचलं गेलं. 1934 पासून शेल या तेल कंपनीने मोटारवाल्यांसाठी परगण्यांची मार्गदर्शक पुस्तकं काढली, पहिलं कॉर्नवॉलवर, कवी जॉन बेट्जमन यांचं. पण ज्या मोटारीने लोक खेड्यांपर्यंत पोहोचले, तिनेच खेडी गिळायला सुरुवात केली. शहरातून निघणाऱ्या प्रत्येक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलच्या मैल घरांच्या माळा लागल्या. पेट्रोलच्या टपऱ्या आणि जाहिरातींचे फलक उभे राहिले. 1926 मध्ये ग्रामीण इंग्लंड वाचवण्यासाठी एक संस्था स्थापन झाली, आणि 1928 मध्ये वास्तुविशारद क्लफ विल्यम्स-एलिस यांनी ‘इंग्लंड अँड द ऑक्टोपस’ हे संतप्त पुस्तक लिहिलं. शहरांचे हात देशाभोवती कसे आवळत चालले आहेत, हा त्याचा विषय. उत्तर वेल्समधलं पोर्टमेरिअन हे रंगीबेरंगी गाव याच माणसाने वसवलं. सुंदर जागी बांधकाम करूनही ती जागा नासत नाही, हे त्याला सिद्ध करायचं होतं. त्या वाटेने जाल तर तिथे जरूर थांबा.

त्या आरडाओरड्याचे पुढे कायदे झाले, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. 1935 च्या कायद्याने रस्त्याकडेच्या बांधकामाला लगाम घातला. 1947 च्या नगररचना कायद्याने तर जमीन आपली असली तरी तिच्यावर हवं ते बांधण्याचा मालकाचा हक्कच काढून घेतला. परवानगीशिवाय बांधकाम नाही. दोन वर्षांनी, 1949 मध्ये, राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे पहिलं उद्यान जाहीर झालं. आज ब्रिटनमध्ये अशी 15 उद्यानं आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटलं की जंगल, फाटक आणि सफारीची जीप डोळ्यांपुढे येते. तिथे उद्यानात गावं आहेत, शाळा आहेत, शेतं आहेत, आणि बरीचशी जमीन खासगी मालकीची आहे. आत शिरायला तिकीट नाही. फक्त तिथे काय बांधायचं आणि काय नाही, याचे नियम कडक आहेत.

लेक डिस्ट्रिक्टमध्ये ही लढाई त्याच्याही आधी सुरू झाली होती. मँचेस्टर शहराला पाणी हवं होतं म्हणून थर्लमिअरच्या तळ्यावर धरण बांधायचं ठरलं. स्थानिकांनी विरोध केला आणि ते हरले. 1894 मध्ये पाणी मँचेस्टरला पोहोचलं. पण लेक डिस्ट्रिक्टसाठी लढणाऱ्यांपैकी कॅनन हार्डविक रॉन्स्ली या धर्मगुरूने ऑक्टेव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर 1895 मध्ये नॅशनल ट्रस्ट स्थापन केला. सुंदर जमीन विकत घ्यायची आणि कायमची सांभाळायची, एवढं साधं त्याचं काम. मुलांसाठी सशांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिअॅट्रिक्स पॉटर यांनी पुस्तकांच्या कमाईतून इथली शेतं एकामागून एक घेतली, हर्डविक जातीच्या मेंढ्या पाळल्या आणि 1943 मध्ये जाताना 4,000 एकरांहून अधिक जमीन ट्रस्टला दिली. विंडरमिअरकडून रायनोज आणि हार्डनॉट हे दोन घाट चढताना उतारांवर ज्या करड्या मेंढ्या दिसतात, त्यांच्यामागे हा इतिहास आहे. हार्डनॉटचा चढ काही ठिकाणी तीनास एक आहे. पहिला गिअर, एकच गाडी जाईल एवढा रस्ता, आणि समोरून कुणी आलं तर मागे घेण्याची तयारी हवी. घाट ओलांडल्यावर उतारावर रोमन सैन्याच्या किल्ल्याचे अवशेष आहेत, अगदी रस्त्यालगत. घाटात गाडी चालवायची सवय नसेल तर इथे जाऊ नका. कर्कस्टोनचा घाट तुलनेने सोपा आहे आणि देखणाही.

स्कॉटलंडच्या हायलँड्सचा पसारा वेगळाच. ग्लासगोहून निघालेला ए82 हा रस्ता लॉक लोमंडच्या काठाने जातो, रॅनॉकच्या ओसाड, पाणथळ पठारावर चढतो आणि ग्लेन कोच्या दरीत उतरतो. दोन्ही बाजूंचे काळे कडे एकदम अंगावर येतात. 1692 मध्ये याच दरीत सरकारी सैनिकांनी जवळपास दोन आठवडे मॅक्डोनल्ड कुळाचा पाहुणचार घेतला आणि मग एका पहाटे यजमानांनाच कापून काढलं. या मुलखात पहिले पक्के रस्ते झाले तेही सैन्यासाठीच. बंडखोर कुळांना काबूत ठेवायला जनरल वेड यांनी 1725 पासून सुमारे 400 किलोमीटर रस्ते बांधले. नंतर थॉमस टेलफर्ड यांनी त्यात मोठी भर घातली.

इन्व्हरनेसहून निघून उत्तर किनाऱ्याला वळसा घालून पुन्हा इन्व्हरनेसला येणारा ‘नॉर्थ कोस्ट 500’ हा मार्ग 2015 मध्ये जाहीर झाला. लांबी 516 मैल, म्हणजे सुमारे 830 किलोमीटर. त्यावरचा ॲपलक्रॉसचा घाट, बेआलाख ना बा, समुद्राच्या पातळीपासून थेट 626 मीटर चढतो आणि माथ्यावरून स्काय बेटाचे डोंगर दिसतात. 1970 च्या दशकात किनाऱ्याने दुसरा रस्ता होईपर्यंत ॲपलक्रॉसच्या लोकांना गाडीने यायला-जायला हीच एक वाट होती. याच मार्गावर बेटीहिल नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या चर्चमध्ये एक छोटं संग्रहालय आहे, ते चुकवू नका. हायलँड्सच्या ज्या रिकाम्या दऱ्यांचे आपण फोटो काढतो, त्यांतल्या अनेक दऱ्या एके काळी नांदत्या होत्या. 18व्या शतकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ शंभर वर्षं जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी तिथली कुटुंबं हुसकावली. स्ट्रॅथनेव्हरच्या दरीतून हाकललेल्यांपैकी काहींना या किनाऱ्यावर आणून बसवलं, बरेच समुद्रापार गेले. हे ठाऊक असलं की त्या शांततेकडे पाहण्याची नजर बदलते.

वेल्स आणि इंग्लंडच्या किनाऱ्यांबद्दल थोडक्यात सांगते. दक्षिण वेल्समधलं गॉवर द्वीपकल्प छोटं आहे, दोन दिवसांत निवांत होतं. ऱ्होसिलीचा किनारा तिथलाच. 1965 मध्ये नॅशनल ट्रस्टने किनारे विकत घेण्याची मोहीम सुरू केली, तिची पहिली खरेदीही गॉवरमध्येच झाली. डॉर्सेटमध्ये ॲबट्सबरीच्या वरून जाणाऱ्या बी3157 या रस्त्यावरून चेझिल बीचचा 29 किलोमीटरचा गोट्यांचा बांध दिसतो. डेव्हन-कॉर्नवॉलमधल्या आतल्या वाटा म्हणजे उंच बांधांच्या, दाट कुंपणांच्या पाणंदी. दोन्ही बाजूंना काही दिसत नाही आणि मग एका वळणावर अचानक समुद्र समोर येतो. ईशान्येला नॉर्थंबरलँडमधल्या होली आयलंडला जाणारा रस्ता रोज दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातो. सुरक्षित वेळा आधीच जाहीर केलेल्या असतात, तरी दरवर्षी कुणा ना कुणाची गाडी पाण्यात अडकते. वेळापत्रक पाहा आणि अर्धा तास हातचा राखा. कोकणात खाडीकाठी वाढलेल्यांना हे सांगायला नको.

आता चालवण्याबद्दल. अंतर आणि वेग दोन्ही मैलांत असतात. वस्तीत ताशी 30 मैल, साध्या दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर 60, मोटरवेवर 70. वेल्समध्ये सप्टेंबर 2023 पासून वस्तीतली मर्यादा 20 वर आणली आहे. कॅमेरे सगळीकडे आहेत. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम काटेकोर पाळला जातो. समोरच्याने दिव्याची उघडझाप केली तर आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतोय, थांब’ असा घेतला जातो. तिथे बहुतेक वेळा ‘तू आधी ये’ असं म्हणायचं असतं. नीट खात्री करूनच पुढे जा. हॉर्न जवळजवळ वाजवतच नाहीत. चढणाऱ्या गाडीला शक्य असेल तिथे उतरणाऱ्याने वाट द्यायची, हा आपल्या घाटातला रिवाज तिथल्या नियमपुस्तकातही आहे.

रस्त्यांच्या क्रमांकांना अर्थ आहे. पहिला आकडा विभाग सांगतो. 3 म्हणजे नैऋत्य, 8 म्हणजे स्कॉटलंडचा वायव्य भाग. एम म्हणजे मोटरवे, ए म्हणजे मुख्य रस्ता, बी म्हणजे दुय्यम. हिंडायला बी रस्तेच निवडा.

भारतीय परवान्यावर पर्यटकाला 12 महिने गाडी चालवता येते. पण भाड्याने गाडी देणाऱ्या कंपन्यांच्या वयाच्या आणि परवाना किती जुना हवा याच्या अटी वेगवेगळ्या असतात. काही आंतरराष्ट्रीय परवाना मागतात, बहुतेक अनामतीसाठी क्रेडिट कार्ड मागतात. क्लच-गिअरची सवय सुटली असेल तर ऑटोमॅटिक गाडी आधीच नोंदवा, ती महाग असते. गाडी लंडनमध्ये घेऊ नका. तिथलं प्रवेशशुल्क आणि गर्दी दोन्ही टाळून रेल्वेने ब्रिस्टल, यॉर्क किंवा इन्व्हरनेस गाठा आणि तिथून गाडी घ्या. हायलँड्समध्ये पेट्रोल पंप दूर दूर आहेत, टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्या. मे-जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच अंधारतं आणि बर्फामुळे काही घाट बंद होतात. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिम किनाऱ्यावर चावऱ्या चिलटांचे थवे असतात आणि शाळांच्या सुट्ट्यांची गर्दीही. मे किंवा सप्टेंबर सर्वांत बरा.

स्कॉटलंडच्या एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यांवर थोड्या थोड्या अंतराने रुंद केलेल्या जागा असतात. समोरून गाडी आली आणि अशी जागा आपल्या डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांबायचं. ती जागा फोटो काढायला किंवा डबा खायला नाही. नॉर्थ कोस्ट 500 प्रसिद्ध झाल्यापासून तिथले रहिवासी याच गोष्टीने त्रासले आहेत. रुंद जागांत उभ्या केलेल्या कॅम्परव्हॅन, रस्त्याकडेला टाकलेला कचरा, आणि ताशी 20 मैलांनी रमतगमत जाणाऱ्या पाहुण्यांच्या मागे अडकलेल्या स्थानिक गाड्या. त्यातली एखादी डॉक्टरची असते, एखादी शाळेची बस. आरशात मागे कुणी दिसलं, की पुढच्या रुंद जागेत शिरा आणि साइड द्या. ते हात वर करून आभार मानतील.

आठ दिवस असतील तर एकच परगणा निवडा, दिवसाला 150 किलोमीटरच्या वर जाऊ नका, गावातल्या दुकानातून पाव-चीज घ्या आणि दुपारी गाडी सोडून पायी चाला. इंग्लंड-वेल्समध्ये शेतांमधून जाणाऱ्या हजारो मैलांच्या पायवाटा कायद्याने सर्वांसाठी खुल्या आहेत. फाटक उघडून आत जा, आणि मागे लावून घ्यायला विसरू नका.