सिग्नलला कोमट, हायवेला गार

मे महिन्यात नागपूरच्या सिग्नलला गाडी थांबली की एसी कोमट वारा फेकतो. वेग घेतला की पुन्हा गारवा. मेकॅनिकचा पहिला संशय कंडेन्सरच्या, म्हणजे गरम गॅस थंड करणाऱ्या जाळीच्या, पंख्यावर. तो नीट फिरत असेल, तर कॉम्प्रेसरवर.

कॉम्प्रेसर म्हणजे गॅस दाबणारा पंप. बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत तो इंजिनच्या बेल्टवर फिरतो. इंजिन संथ, की तोही संथ. आतले पिस्टन झिजले असतील, तर कमी फेऱ्यांत पुरेसा दाब तयारच होत नाही. सायकलच्या पंपाचा वायसर गेल्यावर होतं तसं.

खरी गोम मात्र तेलात आहे. कॉम्प्रेसरचं तेल गॅससोबत सगळ्या नळ्यांतून फिरतं. गळती लागली की गॅसबरोबर तेही थोडंथोडं जातं. नळीच्या सांध्यावर धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसतो, तो त्याचाच. गळती न शोधता दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून घेतला, तर कॉम्प्रेसर कोरडा पडतो, घरघरतो आणि एक दिवस जाम होतो.

तेव्हा धातूचा बारीक कीस पार कंडेन्सरपर्यंत पोचलेला असतो. म्हणून नव्या कॉम्प्रेसरसोबत गॅसमधली ओल शोषणारा ड्रायर बदलावा लागतो, नळ्या धुवाव्या लागतात, कधी कंडेन्सरही नवा घ्यावा लागतो (बिल पाहून घाम फुटतो, तो वेगळाच). हा खर्च वाचवायला गेलं, तर जुना कीस नव्या कॉम्प्रेसरलाही खातो.