पडण्याची भीती आणि थांबलेले पाय

"आये, तू बस गं. पडलीस तर कोण निस्तरणार?" पाड्यांवरच्या घरभेटींत हे वाक्य वारंवार कानी पडते. त्यामागे मायाच असते. पण या मायेपायी कित्येक वृद्धांचे चालणे कायमचे सुटते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

म्हातारपणी एकदा घसरून पडले की दुधाने तोंड पोळल्यासारखे होते; अंगणात पाऊल टाकायलाही धीर होत नाही. कधीही न पडलेल्यांना सुद्धा ही भीती वाटते. शेजारणीचे खुब्याचे हाड मोडल्याचे नुसते ऐकले, तरी पुरते. ही भीती निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. असे मृत्यू सर्वांत जास्त ६० वर्षांवरील लोकांचे होतात.

शेवाळलेल्या अंगणात जपून चालणे हे शहाणपणच आहे. पण भीतीने विहिरीवर जाणे, शेळ्यांमागे फिरणे, उपासनेला येणे हे एकेक सुटत गेले की मांड्यांतली ताकद कमी होते आणि तोल सावरण्याची सवय मोडते. मग पडण्याचा धोका खरोखरच वाढतो आणि भीती आणखी घट्ट होते.

अमेरिकेतील डॉ. मेरी टिनेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये यासाठी एक प्रश्नावली मांडली. आंघोळ, स्वयंपाक, घरात चालणे अशी रोजची १० कामे न पडता करण्याचा किती भरवसा वाटतो, असे त्यात विचारले जाते. आपणही घरभेटीत विचारावे : "आजी, अलीकडे कोणते काम सोडलेत? का सोडलेत?"

पासष्टीनंतर आठवड्यातून किमान ३ दिवस तोल व ताकद वाढवणाऱ्या हालचाली कराव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी पैसा लागत नाही. खाटेवरून सावकाश उठणे-बसणे, पडवीचा खांब धरून टाचा उचलणे, खांब न सोडता क्षणभर एका पायावर उभे राहणे, एवढ्याने सुरुवात करता येते. जवळ कोणीतरी असावे. उठताना चक्कर येत असेल, नुकतेच पडणे झाले असेल किंवा मोतीबिंदूमुळे दिसत नसेल, तर आधी आरोग्य केंद्रात दाखवावे. उंबऱ्यापाशी उजेड आणि मोरीजवळ धरायला एक पक्का बांबू असला, तरी मोठा आधार होतो.

आपल्या मंडळीतील एखादे आजी-आजोबा बरेच दिवस उपासनेला दिसले नसतील, तर येत्या रविवारी अर्धा तास आधी त्यांच्या घरी जा. त्यांचा दंड पकडून ओढू नका. आपला हात पुढे करा, त्यांना धरू द्या आणि त्यांच्या चालीने चाला.