वरचं ताट ओळखणारी भाषा

पंगतीसाठी ताटांची चळत लावतात. नवं ताट वर ठेवायचं, उचलायचं तेही वरचंच. काही संगणकभाषा अशाच चालतात. चार्ल्स मूर यांची, १९७०च्या सुमारास आकाराला आलेली 'फोर्थ' त्यातली नामांकित. तिच्यात बेरीज '२ ३ +' अशी लिहितात. आधी आकडे चळतीवर, मग क्रिया.

गोम अशी, की चळतीवर काय ठेवलंय हे फोर्थ विचारत नाही. पूर्णांकांना '+', दशांशांना 'एफ+', निवड माणसाची. आकड्याच्या जागी मजकुराचा पत्ता असला, तरी '+' बेरीज करून मोकळी! यंत्र बंद पडलेलं परवडलं, असं बिनबोभाट चुकलेलं उत्तर नको.

अडोबीची १९८४ची 'पोस्टस्क्रिप्ट' ही छपाईची भाषा. तिच्यात प्रत्येक वस्तू आपला प्रकार सांगते. 'लेंग्थ' म्हटलं, की वर मजकूर असेल तर अक्षरं मोजली जातात, यादी असेल तर घटक, कोश असेल तर नोंदी. आकडा असेल, तर 'टाइपचेक' म्हणून काम थांबतं. पान अडतं खरं, पण दुखणं कुठे ते कळतं.

स्लावा पेस्तोव यांनी २००३ साली सुरू केलेल्या 'फॅक्टर'मध्ये ही वाटणी आपल्यालाही करता येते. 'क्षेत्रफळ' हा शब्द एकच, पण वर्तुळाची रीत वेगळी, आयताची वेगळी. उद्या त्रिकोण आला तर त्याची रीत तेवढी जोडायची. जुन्याला हात लावायचा नाही. अर्थात, हे झालं पुडक्यावरचं नाव वाचणं. पुडकं उघडून आतली मांडणी पाहण्याची सोयही फॅक्टरमध्ये आहे: ज्या शब्दांनी वस्तू बांधली, तेच उलटे चालवून ती सोडवायची. सुटली नाही, तर पुढचा नमुना लावून पाहायचा.