कातडी ९८ टन, सांगाडा १२० टन

सकाळी पावणेसहा

शटर अर्धंच वर करते. पूर्ण उघडलं की हनुमंतनगरच्या गल्लीतली कुत्री आत शिरतात आणि ओल्या मातीच्या ढिगावर जाऊन झोपतात. आत गेल्यावर पहिलं काम पुतळ्यावरचं कापड चाचपण्याचं. कापड कोरडं लागलं तर समजायचं, कानाची पाळी, पापणी, नाकपुडी या पातळ जागांनी रात्रीत दगा दिलाय. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर, त्यामुळे कोल्हापुरात उन्हाळ्यात जितक्या वेळा पाणी मारावं लागायचं तितकं इथे लागत नाही. त्याची वसुली पावसाळ्यात होते. प्लास्टर वाळता वाळत नाही.

सध्या स्टँडवर आहेत मंड्याकडचे एक आजोबा. गावात शाळा काढलेले, साखरेतले, मोठ्या कुटुंबातले. छातीपर्यंतचा पुतळा, खऱ्या मापाच्या सव्वापट. मातीच्या आत लोखंडी गज, गजाला तार, आणि तारेनं लोंबत सोडलेल्या लाकडाच्या छोट्या फुल्या. ओली माती स्वतःच्या वजनानं खाली घसरते, या फुल्या तिला धरून ठेवतात. कपाळाच्या आत काय काय टांगलंय हे बघणाऱ्याला कळत नाही. कळू नये, हाच आमचा धंदा.

आजोबांचा एकच फोटो मिळालाय, समोरून काढलेला. स्मारकाचं काम करणाऱ्या प्रत्येकाची ही जुनी अडचण आहे. जुन्या फोटोत पाठ कुणाचीच नसते. म्हणून मागचं डोकं मी त्यांच्या मुलाचं घेतलंय. मान, कानामागचा उतार, टाळूचा फुगवटा, सगळं मुलाचं. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

सात

मंडळी आली. नातू, दोन मुलगे, एक आत्या. साचा घेण्याआधीची ही शेवटची पाहणी, म्हणून सगळे तयार होऊन आलेले. नातू माझ्याशी न बोलता अण्णांशी बोलतो. अण्णा आमचे मोल्डर, साच्याचं काम त्यांचं. कोलार जिल्ह्यातल्या शिवारपट्टणचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दगडातून देव काढणाऱ्या गावचे, पण दगडाची धूळ फुप्फुसांना सोसेना म्हणून प्लास्टरकडे वळलेले. अण्णा न बोलता माझ्याकडे बोट दाखवतात.

"मेडम, मीसे स्वल्प दप्प माडी." मिशी जरा जाड करा.

फोटोत मिशी बारीक आहे. पण फोटो बघायला शाळेत कोण येणार? थोडी माती लावली, टूलनं केसांची दिशा दिली. नातू खूश. आत्या गप्प. गप्प बसलेल्या आत्यांची मला धास्ती वाटते.

साडेआठ

बसवनगुडीत उभ्या उभ्या इडली आणि बाय-टू कॉफी. येता-जाता नंदीच्या देवळाकडे वळते. एकाच ग्रॅनाइटमधून काढलेला, सुमारे पंधरा फूट उंच नंदी. देऊळ सोळाव्या शतकात, हे शहर वसवणाऱ्या केंपेगौडांनी बांधलं असं सांगतात. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी इथे शेंगदाण्याची जत्रा भरते तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. आज दोन आजी आणि एक पुजारी. मी दर्शनाला जाते असं घरचे समजतात. मी जाते ते असूयेनं. या बैलाच्या आत बैलच आहे. गज नाही, तार नाही, पोकळी नाही.

साडेनऊ

आता साचा. दिवसातलं हेच काम असं, की सुरू केलं की मध्ये थांबता येत नाही.

आधी पितळी पत्र्याच्या बारीक पट्ट्या, दोन बोटं रुंदीच्या, मातीत रोवत जायचं. एका कानामागून वर टाळूवर, तिथून दुसऱ्या कानामागे, खांद्यांवर खाली. या कुंपणाने पुतळ्याचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग होतात. पट्टी वाकडी गेली तर साचा उघडताना गाल घेऊन येतो. अण्णा पट्ट्या लावतात, मी घमेल्यात पाणी घेते.

प्लास्टर पाण्यात टाकायचं, पाणी प्लास्टरवर नाही. मुठीनं चाळल्यासारखं भुरभुरत जायचं, पाण्याच्या वर छोटी बेटं दिसू लागेपर्यंत. मग हात लावायचा नाही, त्याला पाणी पिऊ द्यायचं. आणि मग तळातून, बुडबुडे न उठवता, हातानं ढवळायचं. हे शिकायला पुस्तक पुरत नाही. बोटांना दाटपणा कळावा लागतो, आणि कळल्यापासून हातात दहा-पंधरा मिनिटं असतात. घाई असेल तर चिमूटभर मीठ टाकतात. मी टाकत नाही, साचा ठिसूळ होतो.

पहिल्या थरात नीळ कालवलेली असते. तो पातळ, चेहऱ्यावर बोटांनी शिंपडायचा, फुंकर मारून नाकपुडीत, डोळ्याच्या कोपऱ्यात पोचवायचा. निळ्या पातळ आवरणाखाली आजोबा थोडा वेळ ओळखू येतात. मग वरून पांढरा जाड थर, काथ्या बुडवून, लोखंडी सळ्या बांधून. रंगाचं कारण पुढे कळतं. साच्यात प्लास्टर भरून तो छिन्नीनं फोडायचा असतो. पांढरं उडतंय तोवर बिनधास्त ठोका, निळं दिसलं की हात आखडा, कारण त्याच्याखाली चेहरा आहे. हा साचा एकदाच वापरायचा आणि फोडायचा. त्यातून निघालेल्या प्लास्टरवरून रबराचा साचा, रबरातून मेण, मेणाभोवती पुन्हा साचा, मेण वितळवून काढलं की उरलेल्या जागेत हजार अंशांच्या वरचं कांस्य. म्हणजे पुतळा ज्याला आपण म्हणतो ते चार-पाच मिलिमीटरचं कवच. त्याच्या आत काही नाही.

अकराच्या सुमारास साचा हाताला गरम लागतो. प्लास्टर पाणी परत घेऊन जिप्सम होतं तेव्हा उष्णता सोडतं. अण्णा त्यावर दोन्ही तळवे ठेवतात आणि म्हणतात, "आयतु अक्का." झालं.

एक

डबा. भेंडी, पोळी. आईचा फोन, मुद्दा एकच, की गणपतीला कोल्हापूरला येणार का.

अडीच

आठवड्यातून दोनदा एका कला महाविद्यालयात शिकवते. आजचा तास पोलंडच्या माग्दालेना आबाकानोविच यांच्यावर. मुलांना नाव उच्चारता येत नाही, मलाही कितपत येतं कुणास ठाऊक. पण पोलंड हा शब्द मला परका नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसांची, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीनं केलेल्या सक्तीच्या हद्दपारीतून जगून वाचून आलेली. महावीर उद्यानातलं त्यांचं स्मारक बघत मी लहानाची मोठी झाले. वर्गात हे सांगितलं की मुलं जरा सरळ बसतात.

आबाकानोविच १९३० साली वॉर्साजवळच्या फालेंटीच्या. जमीनदार घर. युद्ध सुरू झालं तेव्हा नऊ वर्षांच्या. १९४३ मध्ये दारू प्यायलेल्या जर्मन सैनिकांनी घरात घुसून गोळ्या झाडल्या आणि आईचा उजवा हात गेला. युद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीत कला अकादमीत प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी खानदान लपवलं. शिक्षण १९५४ मध्ये संपलं तेव्हा अंगात कौशल्य, हातात साहित्य शून्य, राहायला एक खोली. संगमरवर कुठून आणणार? त्या विस्तुला नदीच्या काठी जायच्या, टाकून दिलेले जुने दोर गोळा करायच्या, ते उसवून, धुऊन, रंगवून विणायच्या. त्यातून छताला टांगलेले, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे, आत शिरता येईल असे आकार तयार झाले. लोकांनी त्यांना आडनावावरून 'आबाकान' म्हटलं. १९६५ मध्ये साओ पाउलोच्या द्वैवार्षिकात सुवर्णपदक मिळालं. तरीही बरीच वर्षं 'विणकाम' या कप्प्यात टाकून त्यांना शिल्पकार म्हणायला लोक कचरत होते. दोरीने केलं म्हणून गृहोपयोगी! ही खोड पोलंडचीच आहे असं नाही, माझ्याच वर्गातली दोन मुलं मान डोलावतात.

पण मी मुलांना थांबवते ते 'पाठी' या कामापाशी. १९७६ ते १९८०, ऐंशी पाठी. प्लास्टरच्या साच्यात गोणपाट राळेत भिजवून दाबायचं, वाळलं की सोलून काढायचं. साचा तोच, पण गोणपाटाची सुरकुती दर वेळी वेगळी पडते, म्हणून एक पाठ दुसरीसारखी नाही. डोकं नाही, हात नाही. समोरून गेलात तर पोकळ कवच, सगळी जोडणी उघडी. आम्ही जे लपवायला आयुष्य घालवतो ते त्यांनी प्रेक्षकाच्या तोंडासमोर ठेवलं. लोक विचारायचे, ही छळछावणीतली माणसं आहेत का, पेरूमधला विधी आहे का, बालीमधला नाच आहे का? त्यांचं उत्तर हो असायचं, सगळ्यांना हो. मला हे उत्तर आधी टाळाटाळ वाटायचं. आता वाटत नाही.

"मॅडम, डोकं?" मागच्या बाकावरून.

"तुझं लाव."

हसू. मग काम. जोडीजोडीनं एकमेकांच्या पाठीवर प्लास्टरच्या पट्ट्यांचा साचा, त्यात फेविकॉलमध्ये भिजवलेलं गोणपाट. एपीएमसी बाजारातून आणलेली पोती, एकातून तांदळाचे दाणे निघाले. गोणपाट ही पोलंडला अपूर्वाईची वस्तू असेल, इथे ती पायपुसणं आहे. म्हणूनच मुलांना ती परवडते. पुढे आबाकानोविच यांनी हीच माणसं ओतीव लोखंडात केली. २००६ मध्ये शिकागोत 'अगोरा' उभारलं, बिनडोक्याच्या १०६ आकृत्या, प्रत्येक सुमारे नऊ फूट. पण वर्गात मी गोणपाटच शिकवते. लोखंडाचं बजेट नाही.

साडेपाच

फायबरचं एक तोंड गोव्याला पाठवायचंय, कार्गोत द्यायला विमानतळाकडे. हेब्बाळच्या उड्डाणपुलावर तास गेला.

सात

पेटी दिली, पावती घेतली. परतीच्या वाटेवर केंपेगौडांचा पुतळा. १०८ फूट, ११ नोव्हेंबर २०२२ रोजी अनावरण झालं. करणारे राम सुतार, आमचे धुळ्याचे. गोंदूर गावात, १९२५ मध्ये सुतारकाम करणाऱ्या घरात जन्म, श्रीराम जोशी मास्तरांनी हेरलेला मुलगा, मग जे. जे., मग वेरूळच्या लेण्यांच्या डागडुजीची नोकरी. मध्य प्रदेशात गांधीसागर धरणावर त्यांनी काँक्रीटच्या एका ठोकळ्यातून ४५ फूट चंबळदेवी कोरून काढली. १८२ मीटरच्या सरदार पटेलांपर्यंत पोचले आणि डिसेंबर २०२५ मध्ये शंभरी ओलांडून गेले.

माझ्या वर्तुळात भव्य पुतळ्यांना नाक मुरडायची पद्धत आहे. मुरडावं, राजकारणाला मुरडावं. पण कुणी एकदा नडगी करून बघावी. हातभर उंचीच्या मातीत चुकलेली नडगी कुणाला दिसत नाही, वीस फुटांची झाली की महामार्गावरून दिसते. खालून बघणाऱ्याला डोकं लहान भासतं, म्हणून ते मापापेक्षा मोठं घ्यावं लागतं, किती मोठं हे कोणतंही यंत्र सांगत नाही. इतकी मोठी आकृती एका ओतात निघत नाही. तुकडे ओतायचे, आतल्या पोलादी सांगाड्यावर चढवायचे, सांधे वेल्ड करून पुसायचे. केंपेगौडांच्या पुतळ्याचे जाहीर झालेले आकडे मला तोंडपाठ आहेत. कांस्य ९८ टन, पोलाद १२० टन. आपण जे बघतो त्यापेक्षा न दिसणारं जड. एकट्या तलवारीचं वजन चार टन.

तलवारीवरून आठवलं. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेनं केंपेगौडांच्या वंशजाकडून बंगळूर घेतलं, त्या फौजेत शहाजीराजे होते आणि पुढे हे शहर त्यांच्या जहागिरीत आलं. त्यानंतर पावणेचारशेहून जास्त वर्षांनी एका खानदेशी माणसाने केंपेगौडांच्या हातात तलवार परत दिली. टॅक्सीवाल्याला हे सांगितलं. तो म्हणाला, मेडम, टोल किसका?

साडेनऊ

शेडमध्ये परत. अण्णांनी मागचा झाकणभाग पाणी ओतून, पाचर मारून आधीच सुटा केलाय. पुढच्या भागातली माती मी उकरून काढते, गज, तार, फुल्या सगळ्यांसकट. साचा धुतला आणि बल्ब बाजूने धरला. पोकळ चेहरा खोलगट दिसत नाही, फुगीर दिसतो, आणि मी सरकले की तोही नजर फिरवतो. हा डोळ्यांचा खेळ आहे हे माहीत असूनही डोळे सुधारत नाहीत. साच्यात गोष्टी उलट्या चालतात. इथे मिशी जाड करायची तर प्लास्टर खरवडायचं, बारीक करायची तर भर घालायची.

फोन. आत्या. सकाळी ज्या बोलल्या नव्हत्या.

"अप्पा हीगिरलिल्ला." वडील असे नव्हते. मिशी बारीक होती, नातवाला काय ठाऊक, तो जन्मलाही नव्हता.

मी साच्याकडे बघते. निळा थर गुळगुळीत निघालाय, त्यात आता भर घालणं म्हणजे चांगलं काम बिघडवणं.

"मेणात बघू," मी सांगते. आमच्या धंद्यात हे नाही म्हणण्याचं सभ्य रूप आहे, पण या वेळी खरंच बघणार आहे, कारण मेण चाकूनं सोलता येतं.

"मेणात म्हणजे कधी?"

"तीन आठवडे."

"तोवर नातवाला सांगू नका."

"नाही सांगत."

"आणि मेडम, मागून फार छान झालंय. अगदी अप्पा."

मी आभार मानते आणि लाइट बंद करायच्या आधी साबणाचा पहिला हात साच्यावर फिरवते. उद्या सकाळी भरायचाय.