खिडकीतल्या उन्हावर बिअर्डी पोसत नाही

"आपल्याकडे ऊन काय कमी आहे?"

बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याचं पिल्लू खात नाही, अंगाला लागत नाही, अशी तक्रार आली की मी आधी विचारते, अतिनील दिवा कोणता लावलाय? त्यावर हे ठरलेलं उत्तर येतं. त्यापुढचंही ठरलेलंच असतं: "टाकी खिडकीतच ठेवलीय, सकाळी चांगलं ऊन येतं. दुकानदार म्हणाला, भारतात दिव्याची गरज नाही." हे ऐकून कान किटले आहेत, म्हणून आज याच गैरसमजाला जास्त जागा देते. बाकीचे एकेका ओळीत उरकू.

काचेतून उजेड येतो, ऊबही येते. पण पिल्लाला जे अतिनील ‘बी’ किरण, म्हणजे यूव्हीबी, हवे असतात, ते साधारण 280 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात आणि खिडकीची साधी काच ते जवळजवळ सगळे अडवते. त्यात टाकीची काच वेगळी. तेव्हा खिडकीतल्या उन्हात पिल्लू दिवसभर डोळे मिटून बसलं, तरी त्याच्या हाडांना त्याचा काडीचाही उपयोग नाही.

हाडांशी उन्हाचा संबंध काय, हे समजून घ्या. यूव्हीबी कातडीवर पडले की तिथल्या कोलेस्टेरॉलसारख्या एका द्रव्यापासून ‘ड-3’ जीवनसत्त्वाचं पूर्वरूप तयार होतं. अंगाच्या उष्णतेने त्याचं ‘ड-3’ होतं आणि पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात. ते असेल तरच आतडं कॅल्शियम नीट शोषून घेतं. नसेल, तर रक्तातली पातळी सांभाळायला शरीर स्वतःच्या हाडांतलंच कॅल्शियम उपसू लागतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू असतं जेमतेम 10 सेंटीमीटर लांब आणि दोन-तीन ग्रॅम वजनाचं. शेपटीसकट दीड फुटापर्यंत पोचायला त्याला साधारण एक वर्ष पुरतं. एवढं हाड बांधायचं आणि कॅल्शियमचा पुरवठा बंद! यातून होणारा हाडांचा आजार म्हणजे मुलांना होतो त्या मुडदुसाचाच भाऊ. बाळाला कोवळ्या उन्हात न्यायचं म्हणजे बंद काचेआड नव्हे, अंगणात न्यायचं, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता ‘खात नाही’ या तक्रारीकडे या. पिल्लाचं खाणं जरा जवळून बघा. रातकिडा दिसतो, पिल्लू मान वाकडी करून त्याच्यावर डोळा रोखतं, झेप घेतं, जिभेने किडा उचलतंही. पण जबडा मिटतो तो अर्धवट, आणि किडा तोंडातून निसटून चालू लागतो. असं दोन-तीनदा झालं की पिल्लू नाद सोडतं. पालक म्हणतात, याला रातकिडे आवडत नाहीत. मग मिलवर्म आणतात, मग रेशमाच्या अळ्या, मग उकडलेलं अंडं. पिल्लाच्या आवडीनिवडीचा इथे संबंध नसतो. खालचा जबडा रबरासारखा मऊ पडलेला असतो, किडा चिरडायची ताकदच त्यात उरलेली नसते. जोडीला बोटं थरथरणं, पाय वाकणं, पोट जमिनीवर घासत चालणं आणि बद्धकोष्ठ. ही लक्षणं दिसल्यावर खाद्य बदलत बसू नका, सरीसृपांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जा. वाकलेली हाडं नंतर पुरती सरळ होतीलच असं नाही.

"पण आम्ही ‘ड-3’ची पावडर देतो ना!" हा पुढचा बचाव. नेदरलँड्समधले संशोधक डेनिस ओनिंक्स आणि सहकाऱ्यांनी नेमकी हीच तपासणी बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लांवर केली आणि निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध केले. यूव्हीबी मिळालेल्या पिल्लांच्या रक्तातली ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ्याची पातळी नुसतं तोंडावाटे ‘ड-3’ दिलेल्या पिल्लांच्या सुमारे 18 पट होती. पावडर जोडीला ठीक आहे, दिव्याची जागा ती घेत नाही. उलट भरमसाट ‘ड-3’ अंगात साठून अपाय करतं.

"मग गॅलरीत सोडू?" हा प्रश्न मात्र शहाणपणाचा आहे. मध्ये काच नसलेलं थेट ऊन सगळ्यांत उत्तम. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला, कुंपणाच्या खांबावर चढून ऊन खाणारा. पण ते ऊन द्यायचं जाळीच्या पिंजऱ्यात, निम्म्या भागावर सावली ठेवून, थोडाच वेळ आणि शेजारी माणूस बसवून. कावळा आणि मांजर तुमच्यापेक्षा चपळ असतात. काचेची टाकी उन्हात ठेवायची तर कधीच नाही. आतली हवा बघता बघता तापते आणि पिल्लू दगावतं. शिवाय मुंबईच्या जुलैमध्ये आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही, तेव्हा काय करणार? म्हणून दिवा हवाच.

दिवाही वाटेल तो चालत नाही. लांब नळीचा, टाकीची निम्मी ते दोन तृतीयांश लांबी व्यापणारा घ्या. वेटोळ्याच्या छोट्या दिव्याचा झोत एवढ्याशा जागेपुरता असतो. नळी किती उंचीवर लावायची ते खोक्यावर लिहिलेलं असतं, तेवढं वाचा. दिवा आणि पिल्लू यांच्यामध्ये काच किंवा प्लॅस्टिक नको. बारीक धातूची जाळीसुद्धा बरेच किरण खाते. रोज 10 ते 12 तास चालू, रात्री बंद. आणि "दिवा पेटतोय की अजून" हे म्हणू नका. उजेड तसाच राहतो, यूव्हीबी मात्र हळूहळू घटत जातात आणि ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. दिव्याच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने ते वर्षाने तो बदलावा लागतो.

याच गैरसमजाचं धाकटं भावंड: "आपल्याकडे हवा गरमच असते." पुण्यात डिसेंबरच्या रात्री पांघरूण कोण घेतं मग? आणि एसी लावलेल्या बेडरूममधल्या टाकीचं काय? हा प्राणी अंगची उष्णता बाहेरून घेतो. ऊन खायच्या जागी 38 ते 42 अंश आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला 25 ते 29 अंश असेल, तरच तो हवं तसं इकडून तिकडे सरकत पचन सांभाळतो. थंड पिल्लाला भूक लागत नाही. बळेच भरवलं, तर अन्न पोटात पडून राहतं. म्हणून दिवे मालवायच्या एक-दोन तास आधी शेवटचं खाणं संपवा. तापमान हात लावून अजमावू नका, बसायच्या दगडावर तापमापक धरा.

एवढं जमलं की खाण्याचं गणित सोपं आहे. पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत संपतील तेवढे किडे द्यायचे. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. रातकिड्यात कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो, म्हणून किडे पिशवीत घालून कॅल्शियमच्या पावडरीत हलवून घ्यायचे. त्यांना आदल्या दिवशी पालेभाजी खाऊ घातली की आणखी बरं. उरलेले किडे काढून टाका. रात्री ते पिल्लालाच कुरतडतात.

आता बाकीचे गैरसमज, भराभर.

पालक पौष्टिक असतो. तुम्हाला. त्यातलं ऑक्झालेट कॅल्शियम बांधून ठेवतं. जास्वंदीची फुलं, किसलेला लाल भोपळा द्या. पिल्लू ढुंकून बघत नसलं तरी रोज ठेवा. मोठेपणी त्याचा मुख्य आहार पालाच असतो.

दोन पिल्लं एकत्र ठेवली की सोबत होते. एक खातं, दुसरं उपाशी राहतं, आणि बोटं-शेपट्या तुटतात. या जातीची शेपूट पुन्हा उगवत नाही. एक पिल्लू दुसऱ्याच्या अंगावर चढून बसतं ते प्रेमाने नव्हे, उबदार जागा बळकावायला.

तापणारा दगड ठेवला की झालं. पोट भाजतं. ऊब वरून द्या.

वाळूत नैसर्गिक वाटतं. पिल्लू किड्याबरोबर वाळूही गिळतं. कागद किंवा फरशी पुरे.

बाहेरचे किडे फुकट मिळतात. कीटकनाशकही फुकट मिळतं. काजवा तर चुकूनही नाही. अमेरिकेत काजवे खाऊन हेच ड्रॅगन मेल्याची नोंद 1999 साली ‘जर्नल ऑफ केमिकल इकॉलॉजी’त आली. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याहून डबीत काजवे आणून प्रयोग करायची हौस नको.

हिवाळ्यात न खाणं नॉर्मल आहे. प्रौढांत, कधीकधी. काही महिन्यांच्या पिल्लाने खाणं सोडलं तर ते आजारपण समजा.

मुलांना खेळायला छान. हाताळल्यावर साबणाने हात धुतले तर. सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला लागू शकतो. पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरात असे प्राणी ठेवूच नयेत, असं अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था सांगते.

तेव्हा पिल्लू खात नसेल तर खाद्य बदलण्याआधी दिवा तपासा, तापमान मोजा. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवा. वजन वाढायचं थांबलं किंवा घटलं, तर ताज्या विष्ठेचा नमुना घेऊन पशुवैद्याकडे जा, पोटातले जंतही भूक मारतात. आणि दिव्याचा खर्च ज्यांना जड वाटतो, त्यांनी कृपा करून ड्रॅगन घेऊ नये.